टोपशेगडीची चकती

मनू, हे कागद हातात आले की माझ्याजवळ सरकून बसल्यासारखी बस बाई. आणि तो मोबाइल आधी उपडा ठेव. मोठं माणूस काही सांगत असलं की तुमचा एक कान इकडे आणि दुसरा भलतीकडेच असतो, हे मला कळत नाही असं समजू नको. मला तुझ्यावर रागवायचं आहे. पावसाळ्यात अर्धवट रागावून मी फोन ठेवून दिला होता, ते उरलेलं रागवणं आज पुरं करते, आणि मग त्याचं कारणही सांगते. कारण ऐकल्यावर तूच ठरव, रागवायला पाहिजे ते तुझ्यावर की माझ्यावर.

तू फोन केलास तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. तू म्हणालीस, आजी, आम्ही ती गोल झाकणाची कोळशाची शेगडी आणली ना, कणसं आणि पनीर भाजायची, तिच्या झाकणावरची चकती फिरतच नाही, गंजून बसली. खालची हवेची भोकंही राखेनं बुजली. दुकानवाला म्हणतो नवी घ्या. तुझे बाबा टीनकाम करायचे ना, मग सांग मी काय करू? अगं, मला इतका आनंद झाला! साठ वर्षांत मला कोणी चकतीचं विचारलं नव्हतं. शेंगांचं सूप बाजूला ठेवून मी सांगायला लागले. राख कशी काढायची, रॉकेलचं बोट कुठं लावायचं, विटेची पूड कशी घासायची. तू हूं हूं म्हणत होतीस. आणि मग सहज बोलून गेलीस, "पाऊस आहे म्हणून आम्ही ती गॅलरीत आत घेतलीय, काचा लावून. धूर काही होत नाही गं." तेव्हा मी ओरडले. "काचा उघड! आत्ताच्या आत्ता उघड!" असं ओरडले की शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या. तू उघडल्यास, मी ऐकला तो काचा सरकल्याचा आवाज, आणि मग फोन ठेवून दिला. तू नंतर विचारलंस, आजी चिडली का. त्याचं उत्तर देते आता.

जानेफळात आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं राहणं. दुकान कसलं, एक छपरी, तिच्यात ऐरण, लाकडाचा ठोकळा, कातर, कानस, पत्र्याचे सांधे जोडायला डाख द्यायची छोटी भट्टी, आणि भिंतीला टेकलेले पत्रे. बाबा खामगावहून तेलाच्या गिरण्यांतली जुनी पिंपं आणायचे, ती कापून उलगडायचे, आणि त्यातून गावाला लागेल ते करायचे. धान्याच्या कोठ्या, गाळण्या, कंदिलाच्या टाक्या, पन्हाळी, शेगड्या. आमचं घर कधी गप्प नसायचं. पत्र्यावर हातोडी पडायची, आणि ती कुठं पडते यावरून मला स्वयंपाकघरात बसल्या बसल्या कळायचं की बाबा काठ वळवताहेत की पोट काढताहेत. काठ वळवताना बारीक, घाईची टकटक. पोट काढताना सावकाश, मधे थांबून, जणू एखाद्याची पाठ थोपटावी तशी. माय म्हणायची, "मी या आवाजात निजते नं या आवाजात उठते. हा थांबला तं माह्या जिवाले घोर लागते." ती पहाटे कण्या शिजत घालायची. ज्वारीच्या कण्या, त्यात ताक आणि लसणाची फोडणी. थंडीत कण्यांची वाफ, डाखेचा वास आणि तापलेल्या पत्र्याचा वास, हे तिन्ही एकत्र झाले की ते माझं लहानपण. आता कण्या कोणी करत नाही. मी एकदा सुनेला सांगितल्या, तिनं त्यात मटार घातले.

महाराष्ट्र तेव्हा नवानवाच झाला होता. शाळेत भिंतीवर नकाशा जुनाच होता, गुरुजींनी त्यावर निळ्या पेन्सिलीनं नवी शीव ओढून घेतली होती. पण मी शाळेत कमी आणि छपरीत जास्त असायची. माझं नाव विमल, गावात सगळे इमल म्हणायचे. बाबांना मुलगा नव्हता. आम्ही दोघीच, थोरली द्वारका, तिला मी आक्का म्हणायची, आणि धाकटी मी. आक्काला टीनाचा आवाज आवडायचा नाही, ती वाचायची, लिहायची, तिचं अक्षर मोत्यासारखं. मला मात्र हातोडी आवडायची. आमच्या घरी राहणारी बाबांची मोठी बहीण, आत्या, माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारायची. "पोट्टी हाय का लोहाराचा बैल? हिले कोन करीन बाप्पा?" बाबा तोंडातला खिळा न काढताच म्हणायचे, "ज्याच्या घरी पत्रे गळत असन तो करीन."

ही टोपशेगडी बाबांच्या डोक्यातून निघालेली. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत. सव्वा महिना शेक द्यायचा, त्यात ओवा, बाळंतशोपा, ऊद टाकायचा. साध्या शेगडीचे निखारे तडतडायचे, ठिणगी उडायची, गावात एका घरी गोधडी पेटली होती. तेव्हा बाबांनी एक गोल पोटाची शेगडी केली आणि तिला तसंच गोल टोपासारखं झाकण केलं. पोटाला खाली हवा घ्यायची एक सरकती पट्टी. आणि झाकणावर तीन भोकं, त्यावर तशीच तीन भोकं पाडलेली चकती, मधोमध एका रिविटावर, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यावर, फिरणारी, तिला धरायला एक छोटा कान. कान फिरवला की भोकावर भोक यायचं, वाट मोकळी. आणखी फिरवला की बंद. गावात ती एकच होती. ज्या घरी बाळंतीण, त्या घरी ती जायची, आणि परत येताना तिच्यात डिंकाचे लाडू ठेवलेले असायचे. बाबा त्याचं काही घेत नसत. पण देताना प्रत्येक घरी दोन गोष्टी बजावायचे. निखाऱ्यावरची निळी जीभ जाईपर्यंत शेगडी अंगणातच ठेवायची. आणि खोलीच्या धाब्याचं भोक उघडं ठेवायचं. आमची मातीच्या धाब्याची घरं, खोलीला खिडकी नसायची, वर उजेडापुरतं एक वीतभर भोक, पावसाळ्यात त्यावर खापर ठेवत. बाबा म्हणायचे, "खालचं भोक घेते, टोपाचं सोडते, आन धाब्याचं बाहीर नेते. तिघायले सलग ठेवा."

शेगडी परत आली की तिची निगा माझ्याकडे. ऊद आणि राळ टाकून टाकून चकतीखाली काळा चिकटा धरायचा, गुळाच्या पाकासारखा, आणि गार झाला की दगड. राख रोज काढावी लागते मनू, तू तीन आठवडे तशीच ठेवलीस म्हणून तुझा पत्रा खाल्ला गेला, राख हवेतली ओल ओढते. चकती गार असताना दोनदा इकडून, दोनदा तिकडून फिरवून पाहायची. अडली तर रॉकेलचं बोट आणि विटेची पूड, नारळाच्या शेंडीनं घासायचं. शेवटी जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात. आणि तरी ऐकली नाही तर रिवीटच उडवायचा. सुंब्यानं, म्हणजे बोथट पोलादी खिळ्यानं, मागून ठोकून काढायचा, चकती सुटी करून खरडायची, आणि नवा रिवीट ठोकायचा. इथं बाबांची एक युक्ती होती. चकती आणि झाकण यांच्यामधे जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा ठेवायचा आणि मग रिवीट ठोकायचा. पहिल्या आगीत कार्ड जळून जातं, आणि तेवढीच कागदाएवढी जागा चकतीला फिरायला राहते. नाहीतर पत्रा तापून फुगतो आणि चकती आगीवर असतानाच अडते, नेमकी नको तेव्हा. घरी आलेली सगळी पत्रं या कामी यायची. मामाची, मावशीची, कोणाचीही. फक्त आक्काची नाही. तिची पत्रं बाबा कोठीच्या वर एका डब्यात ठेवायचे.

आक्का लग्न होऊन खामगावला गेली होती, भाऊजी जिनिंगमधे कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती कार्तिकात आली. त्याच्याआधी तिचं कार्ड आलं होतं, त्यात खाली लिहिलं होतं, बाबा, पौषात टोपशेगडी कोणाला देऊ नका, यंदा ती मला लागेल. बाबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यांना वाचता यायचं, तरी माझ्याकडून वाचून घेतलं. मग शेगडी खाली काढली, सगळी नव्यानं घासली, आणि रिवीट बदलायचा होता तर तांब्याचा त्यांच्याकडे नव्हता, लोखंडाचाच ठोकला. म्हणाले, "खामगावले गेलो का तांब्याचा आनतो." ते जाणं काही झालं नाही.

आक्काला मुलगी झाली. घर एकदम भरून गेलं. मायच्या कण्या मागं पडल्या, खोबरं, खारका, मेथ्या, तुपाचा वास. सुईण येऊन बाळाला न्हाऊ घालायची, आत्या आक्काचं अंग चोळायची आणि चोळता चोळता तिला बोलायची, "खामगावचं पानी पिऊन हाडं झाली नुसती. काय खाऊ घालतेत तुले, सरकी?" आक्का हसून हसून डोळ्यांत पाणी आणायची. "आत्या, हसवू नको वं, पोटात दुखते." बाबा दुकानातून दिवसातून दहा वेळा दाराशी यायचे, आत यायची सोय नाही, बाहेरूनच खाकरायचे. "शेगडी बराबर हाय नं?" आत्या म्हणायची, "शेगडीचीच पुसता का पोरीचीबी पुसता?"

शेगडी रोज सकाळी मी अंगणात काढायची. राख काढणे, चकती साफ करणे, निखारे भरणे, निळी जीभ गेली की आत नेऊन ठेवणे. आठ दिवस मी ते काम मन लावून केलं. मला त्याचा तोरा होता. आक्का बाजेवरून मान काढून म्हणायची, "आले का मिस्त्री?"

नववा दिवस. थंडी इतकी की रांजणातलं पाणी हाताला चावत होतं. माझी मैत्रीण सरू, तिच्या वडलांच्या शेतात त्या दिवशी हुरडा होता. गाडी जुंपलेली, गल्लीच्या तोंडाशी उभी. आणि माझ्या हातात झाकण. आदल्या दिवशी आत्यानं ऊद जरा जास्तच टाकला होता. चकती पाव वाटेवर अडकून बसलेली, तिन्ही भोकं जवळजवळ बंद. मी रॉकेल लावलं, ठोकळ्यावर आपटून पाहिलं, कान धरून जोर लावला तर कानच वाकायला लागला. रिवीट उडवल्याशिवाय ती सुटणार नव्हती. आणि रिवीट उडवायचा म्हणजे बाबांना सांगायचं, आणि बाबांसमोर एक गिऱ्हाईक पन्हाळीसाठी बसलेलं, म्हणजे थांबायचं.

"इमल! चाल वं, गाडी निघून राह्यली!" सरू ओरडली.

"आली, आली!"

छपरीतून बाबांनी विचारलं, "साफ झाली का?"

"हाव बाबा."

"फिरते?"

"हाव, फिरते."

इतकंच. निखारे मी भरले, निळी जीभ जायची वाट मात्र पाहिली, तेवढं केलं. टोप वर ठेवला, शेगडी आत नेली. आक्का हळूच म्हणाली, "हुरड्याले चालली? माह्यासाठी मूठभर आनजो. आत्याले दिसू नको देऊ, मले खाऊ देनार नाई थे." मी म्हटलं आणते. बाहेर निघते तर आत्यानं अडवलं. "जाता जाता धाब्यावर चढ आन भोकावर खापर ठेव. लेकराच्या टाळूवर थंडी उतरून राह्यली."

मी म्हटलं, "बाबा म्हंतेत थे उघडं ठेवा."

"तुह्या बाबानं किती बाळंतपनं केली? चढ मुकाट्यानं!"

शिडी होतीच. मी चढले, खापर ठेवलं, वरून उडी मारली आणि गाडीकडे पळत सुटले. आत्यानं मागून दाराला गोधडी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या, आणि निखारे टिकावेत म्हणून शेगडीची खालची पट्टी अर्धी सरकवली. हे तिनंच नंतर सांगितलं. प्रेमानंच केलं सगळं. तिचं स्वतःचं एक मूल थंडीनं गेलं होतं, म्हणून ती थंडीला वाघासारखी भ्यायची.

हुरडा छान होता, खोटं कशाला लिहू. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होते, सरूचे वडील तळव्यावर चोळून गरम दाणे आमच्या ओंजळीत टाकत होते, तिळाची चटणी, गूळ, बोरं. मी पोटभर खाल्लं. फडक्यात आक्काचा वाटा बांधला. गाडी परत आली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. माय बाळाला मांडीवर घेऊन उन्हात शेकत होती, आत्या जात्याशी बसून मेथ्या भरडत होती.

"आक्का?"

"निजली. उठवू नको. दुपारी डोकं दुखते म्हने, उलटीसारखं होते म्हने. थंडी भरली असन म्हनून दोन निखारे आनखीन टाकले."

मी गोधडी बाजूला करून आत गेले. मनू, धूर नव्हता. हे मला तुला सांगायचं आहे, धूर नव्हताच. खोली उबदार, उदाचा वास, अंधार. आक्का कुशीवर झोपलेली, गाल लाल, हळद लागलेल्या नवरीसारखे. मला वाटलं सोंग करते आहे. मी तिच्या तळहातावर हुरडा ठेवला आणि म्हटलं, घे, आत्या मागं आहे, लवकर खा. बोटं मिटली नाहीत. दाणे एकेक करून तिच्या हातावरून बाजेवर घरंगळले, बाजेच्या विणीतून खाली शेगडीच्या टोपावर पडले, आणि मला त्या पत्र्यावरचा टप टप आवाज ऐकू आला. मग माझंही डोकं गरगरलं, आणि मी ओरडले.

बाबांनी गोधडी ओढून फेकली, आक्काला उचलून निंबाखाली आणलं. माय बाळ आत्याच्या मांडीत टाकून धावली. कोणी कांदा हुंगवला, कोणी तळवे चोळले, कोणी म्हणालं बाहेरचं आहे, अंगारा आणा. मेहकरहून डॉक्टर आले तोवर दिवस कलला होता, आणि त्यांना करायला काही राहिलं नव्हतं. भाऊजी दुसऱ्या दिवशी आले. अंगणात शिरल्यावर त्यांनी आधी बाळ कुठं आहे विचारलं, आणि ते हातात दिल्यावर त्यांना ते कसं धरायचं कळेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा छपरीत बसले. जी थांबली की मायला घोर लागायचा, ती हातोडी तीन दिवस थांबलेली होती. त्यांनी टोप मांडीवर घेतला, चकतीचा कान धरून फिरवून पाहिला. फिरेना. पुन्हा पाहिला. मी दारात उभी होते. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"इमल, त्या दिशी सकाळी फिरत होती नं वं?"

मी बारा वर्षांची होते. मला दिसत होतं की माझ्या एका शब्दानं काय काय पडणार आहे. मी म्हटलं, "हाव बाबा."

त्यांनी मान हलवली. मग त्या रिविटावर अंगठा फिरवला. म्हणाले, "म्हंजे आगीवर अडली. लोखंडाचा रिवीट. तांब्याचा पायजे होता." असं म्हणून उठले, टोप ऐरणीवर ठेवला आणि हातोडीनं ठोकायला लागले. ना काठ वळवायचा आवाज, ना पोट काढायचा. मी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता. टोप चपटा झाला, मग शेगडीचं पोट. नंतर तो पत्रा त्यांनी कशालाच वापरला नाही, मागच्या खड्ड्यात पुरला. पुढं कित्येक वर्षं लोक विचारत यायचे, पोरगी बाळंतपणाला आली आहे, तशी टोपाची शेगडी करून द्या. बाबा म्हणायचे, "थे काम मले येत नाई."

बाळाला माय आणि मी मिळून वाढवलं. बारशाचं नाव कोणी ठरवेना, तेव्हा मीच कुसुम म्हणाले. भाऊजींनी पुढं दुसरं लग्न केलं, माणूस वाईट नव्हता, सणाला येऊन फ्रॉक देऊन जायचा. ती कुसुम, म्हणजे तुझी आई, बाबांच्या मांडीवर बसून पत्र्याचे तुकडे वाजवायची, आणि बाबा तिला बाहुलीच्या कोठ्या करून द्यायचे, इवल्या इवल्या, बारीक काठाच्या. शेगडी मागितली तर मात्र नाही. तुझी आई कोणासारखी दिसते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्याकडे कोणी फार वेळ पाहत नसे. तिला आम्ही सांगितलं, तुझी आई बाळंतरोगानं गेली, अंगात ताप भरला होता. ती आजही तेच सांगते. तुलाही तेच सांगितलं असेल.

बाबा गेले तेव्हा मी लग्न होऊन मेहकरला होते. शेवटचे दोन दिवस जानेफळला येऊन मी उशाशी होते. बोलणं तुटक झालं होतं. एकदा माझा हात धरून म्हणाले, "इमल, तांब्याचा रिवीट पायजे होता." माय पाणी आणायला आत गेलेली, आम्ही दोघंच होतो. यापेक्षा चांगली वेळ मला कधी मिळणार होती? आणि मी पुन्हा म्हटलं, "हाव बाबा." बारा वर्षांची असताना बोलले ते मी स्वतःला कधीतरी माफ करीन. पण त्या वेळी मी दोन लेकरांची आई होते.

आत्या त्याच्यानंतर वर्षा-दीड वर्षानं गेली. तिला भ्रम झाला होता. सारखी वर आढ्याकडे पाहायची आणि विचारायची, "खापर काढलं का वं? इमल, चढ, खापर काढ." मला वाटलं म्हातारी बरळते, पावसाळ्याचं काही डोक्यात आहे. मी म्हणायची, काढलं आत्या, झोप.

त्याचा अर्थ मला पुढं आम्ही खामगावला राहायला गेल्यावर कळला. शेजारच्या एका जोडप्याला थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून चक्कर आली, त्यांना दवाखान्यात नेलं, सोबत मी होते. तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, कोळशाचा हा वायू दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो, गाल लाल होतात. मी एकदम विचारलं, शेगडीच्या झाकणाची भोकं उघडी असली तर? त्या म्हणाल्या, "भोकं बंद असली की कोळसा घुसमटतो आणि वायू जास्त सोडतो हे खरं. पण शेगडीची भोकं उघडी ठेवली आणि खोलीची बंद केली, तर काही उपयोग नाही आजी. खोलीत हवाच खेळली नाही तर कशीही शेगडी मारते." मी तेव्हा आजी नव्हते, पण केस लवकर पिकले होते. बाकावर बसून मी हिशोब मांडला. म्हणजे ती चकती होतीच, पण ती एकटी नव्हती. धाब्याचं भोक होतं. आणि आत्याला ते कुठूनतरी ठाऊक झालं होतं, ती मनात ते घेऊनच गेली. बाबा रिवीट घेऊन गेले. आणि त्या भोकावर खापर ठेवायला शिडी कोण चढलं होतं? मी खोटं बोलले याचं दुःख मी वीस वर्षं उगाळत होते, आणि जे काम सांगितल्यावर मुकाट्यानं केलं, ते मी विसरूनही गेले होते.

डॉक्टरीण बाईंच्या बोलण्यानं माझं मन हलकं झालं का जड, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं मात्र कळलं की बाबांचा रिवीट निर्दोष होता. त्यांना ते सांगणारं एकच माणूस होतं, आणि ते दोनदा हाव म्हणालं.

तर मनू, म्हणून मी ओरडले. आता तू तुझी शेगडी उघड्यावरच पेटवणार, पाऊस असला तर त्या दिवशी कणसं उकडून खाणार, हे मी धरून चालते. चकतीचं काम फोनवर होत नाही. ते झाकण पिशवीत घाल आणि घेऊन ये. बाबांचा सुंबा आणि लहान हातोडी माझ्याकडे आहे, हात थरथरतात पण रिवीट अजून सरळ बसतो, परवाच चाळणीला बसवून पाहिला. तांब्याचे रिवीट मी आणून ठेवले आहेत. आणि येताना तुझ्या आईला आण. तिला यातलं काही सांगू नको, हे कागद दाखवू नको, नुसतं म्हण, मावशीनं बोलावलं. ते मलाच माझ्या तोंडानं तिला सांगायचं आहे, आणि यावेळी ती जे विचारेल त्याला मी हाव म्हणून सुटणार नाही. थंडी पडायच्या आत या. माझा आता काय भरवसा!

आणि हो, चकतीखाली घालायला एखादा जाड कागद घरूनच आण. माझ्याकडे पोस्टकार्ड एकच उरलं आहे, आणि ते जाळायचं नाही. ते कुसुमला द्यायचं आहे. आईचं अक्षर तिनं अजून पाहिलेलं नाही.